शिडाच्या बोटीवर विंडलास बसवायचाय, खालचा बेस कशाचा अन् कसा बनवू?

हिंगणा_फॅब
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गेट, टाक्या, कन्व्हेयरचे स्टँड असलं सगळं करतो, पण बोटीचं काम पहिल्यांदाच हातात आलंय म्हणून इथे विचारून राहिलोय. माझा मेहुणा गोव्यात असतो, त्यानं अन् त्याच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी ३० फुटी शिडाची बोट घेतली, फायबरची, मांडवीत उभी असते. ८ मिमीची ३० मीटर साखळी अन् तिच्या टोकाला नांगर, सगळं हातानं ओढायचं, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढायचं यंत्र, आणला. १२ व्होल्ट, १००० वॅट, आडवा प्रकार, म्हणजे मोटर-गिअर सगळं डेकच्या वरच. मॅन्युअलमध्ये कमाल ओढ ६०० किलो लिहिली आहे. चार बोल्ट एम१० चे, पुढच्या अन् मागच्या बोल्टमध्ये १८ सेंमी अंतर, अन् साखळी जिथे ओढली जाते तो पॉइंट बुडापासून १२ सेंमी उंच.

माझा विचार असा की १२ मिमीची एसएस ३०४ ची प्लेट घ्यायची, डेकला थोडा बाक आहे त्याप्रमाणे बेंड करायची, खालून मोठे वॉशर अन् नट, कडेनं सिलिकॉन. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढतात तेव्हा बसवायचं. एवढं पुरेल का?

तर्री_एक्स्ट्रा
समृद्धी पूर्ण झाला तर लोक मुंबईला गाड्या घेऊन जाऊन राहिले, अन् आमचा भाऊ नागपुरात जहाज बांधून राहिला 😄 बंदर झिरो माइलला काढता का मग?

मनीषनगरचे_काका
हिंगणा_फॅब, प्लेटचं नंतर बघू. आधी मेहुण्याला विचारा की त्या जागी डेक भरीव आहे की सँडविच. मी नौदलातून निवृत्त होऊन इथे राहायला आलो, शिडाच्या बोटींवर बरीच वर्षं काढलीत, अन् अशा कामात पहिली चौकशी हीच असते. फायबरच्या बहुतेक बोटींचा डेक तीन थरांचा असतो, वर फायबरग्लासची कातडी, मधे हलका गाभा, खाली परत कातडी. गाभा बहुतेक वेळा बाल्सा लाकडाचा, नाहीतर फोमचा. चालायला एकदम ताठ लागतो, वजन कमी, पण बोल्ट लावून आवळला की मधला गाभा चेपतो. चेपला की बोल्ट सैल, सैल झाला की भोकातून पाणी आत, अन् बाल्साला एकदा पाणी लागलं की तो कुजत कुजत लांबवर जातो, वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

तपासायची पद्धत साधी आहे. पेचकसाच्या मुठीनं सगळीकडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर संशय घ्या. मग खालच्या बाजूनं, फक्त खालच्या कातडीतून, बारीक भोक पाडून भुसा पाहा. कोरडा फिकट भुसा म्हणजे बाल्सा चांगला आहे. तपकिरी अन् ओला निघाला तर बेसची गोष्टच सोडा, आधी डेक दुरुस्त करावा लागेल.

हिंगणा_फॅब
काका धन्यवाद. मेहुण्याला फोन करून सगळं करायला लावलं. आवाज सगळीकडे खणखणीत आहे. खालून ५ मिमीचं भोक पाडलं तर कोरडा फिकट भुसा आला. वरची कातडी साधारण ४ मिमी, गाभा १२, खालची २ मिमीच्या आसपास. म्हणजे सँडविचच आहे. आता बोला.

कागद_पेन्सिल
मेकॅनिकलवाला आहे म्हणून आकडे मांडतो, बघा पटतंय का.

साखळी पुढे ओढते, ६०० किलो धरा. ती ओढ बुडापासून १२ सेंमी वर आहे म्हणजे विंडलास पुढच्या बाजूला उलटायला बघतो अन् मागचे दोन बोल्ट वर उचलले जातात. ६०० गुणिले १२ म्हणजे ७२००, त्याला १८ नं भागा, ४०० किलो. दोन बोल्टांवर म्हणजे एकेकावर २०० किलो. आता ३१६ चा ए४-७० ग्रेडचा एम१० बोल्ट अडीच टनाच्या वर गेल्याशिवाय ताणला जात नाही, म्हणजे बोल्टची काळजीच नको, अन् १२ मिमीच्या प्लेटची तर त्याहून नको. पण खाली बघा. मोठा वॉशर धरला तरी त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ४-५ चौ. सेंमी. म्हणजे २ मिमीच्या कातडीवर दर चौ. सेंमीला ४०-५० किलो दाब, तोही झटक्यानं, कारण नांगर खडकात अडकला अन् लाट आली की ओढ काही हळूहळू येत नाही. तुम्ही सगळी ताकद वर लावून राहिले अन् कमजोर जागा खाली आहे. वरच्या प्लेटइतकीच, खरं तर तिच्याहून मोठी, बॅकिंग प्लेट डेकच्या खालून पाहिजे. २० बाय ३० ची घेतली तर ६०० चौ. सेंमी मिळतात. भार सगळीकडे एकसारखा नाही वाटला जात, बोल्टजवळ जास्तच राहतो, म्हणून ती ताठ पाहिजे, पत्र्यासारखी वाकणारी नको.

लकडगंजचा_सुतार
भाऊ, मी म्हणतो इस्टील कायले पाहिजे? लकडगंजात या, बल्लारशाचं सागवान घ्या, दोन इंची पाट काढा, तीळभर हलनार नाही. पहिले जहाजं कायची राहत होती? सागाचीच ना. डेकचा बाक पाहून खालून रंध्यानं घासून देतो मी, अशी बसंल का कागद सरकनार नाही.

अंबाझरी_सेलर
एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, अंबाझरीवरच शिडं शिकले, नंतर मुंबईत असताना मोठ्या बोटींवर जायची संधी मिळाली. मला ताकदीच्या आधी एक वेगळीच गोष्ट विचारायची आहे. बेसची उंची कोणी मोजली का?

साखळी नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवरून येते अन् विंडलासच्या जिप्सीवर जाते, म्हणजे ते खाचा असलेलं चाक. रोलरच्या माथ्यापासून जिप्सीपर्यंत साखळी सरळ रेषेत अन् जवळपास सपाट यायला पाहिजे. बेस खूप बुटका झाला तर साखळी डेकला घासते, खूप उंच झाला तर कागद_पेन्सिल दादांनी जो १२ सेंमीचा हिशोब केला तोच वाढतो. आडव्या विंडलासमध्ये साखळी जिप्सीला जेमतेम पाव वेढा घालते, ९० अंशाचा, उभ्या प्रकारात अर्धा वेढा मिळतो. म्हणून आडव्यात कोन थोडा जरी बिघडला की साखळी उड्या मारते. साखळी खाली कप्प्यात पडायला पण जागा पाहिजे, कमीत कमी फूटभर सरळ पडली तर तिच्या वजनानं आपोआप खेचली जाते, नाहीतर ढीग वर येऊन अडकतो अन् एक माणूस हातात काठी घेऊन तिथेच बसून राहतो.

म्हणून प्लेट कापायच्या आधी गोव्याहून मापं मागवा: रोलरच्या माथ्याची डेकपासून उंची, रोलर ते विंडलास अंतर, अन् त्या जागी डेकचा आडवा-उभा दोन्ही बाक.

हिंगणा_फॅब
ताई हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मापं मागवतो आजच.

पॅनेल_बनवतो
सुतारभाऊ, सागाला नावं ठेवत नाही, पण याच्यासाठी नागपुरात त्याहून चांगली वस्तू सहज मिळते अन् ती आमच्या धंद्यातली आहे. इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये आम्ही एफआर४ ची शीट वापरतो, हिरवट पिवळी असते, काचेचं कापड अन् एपॉक्सी दाबून बनवलेली. बोटवाले तिलाच जी१० म्हणतात, जवळपास एकच माल. कुजत नाही, गंजत नाही, चेपत नाही, अन् सगळ्यात मोठं म्हणजे डेक पण काच-रेझिनचाच, त्यामुळे एपॉक्सीनं चिकटवली की एकजीव होते. १० किंवा १२ मिमी जाडीची घ्या. खाकी हायलम शीट घेऊ नका, ती कागदाची असते, पाणी पिते. अन् कापताना मास्क लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेची धूळ अंगाला अशी खाजते की विचारू नका.

लकडगंजचा_सुतार
खाज येते तं आपलं लाकूडच बरं ना बाप्पा 😀

मनीषनगरचे_काका
पॅनेलवाले बरोबर बोलले. पण सुतारभाऊंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दिलीप दोंदे अन् अभिलाष टॉमी ज्या 'म्हादेई'वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, दोंदे २००९-१० मध्ये अन् टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता, ती गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली बोट. तिच्या हलचा, म्हणजे बोटीच्या धडाचा, गाभा लाकडाचाच आहे, वरून फायबरग्लास. लाकूड एपॉक्सीत पूर्ण बंद झालं अन् एकाही भोकातून पाणी शिरलं नाही तर ते टिकतं. अडचण त्या 'एकाही' मध्ये आहे. विंडलासच्या बेसला बोल्टची चार भोकं, वायरचं एक, शिवाय रोज साखळीचा मार अन् चिखल. सागाचा पाट वरून शोभून दिसतो, तो लावायचा असेल तर लावा, पण भार घ्यायचं काम एफआर४ कडे द्या. अन् सागावर एपॉक्सी लावण्याआधी तो अ‍ॅसिटोननं पुसा, सागाच्या अंगात तेल असतं, त्यावर काही धड चिकटत नाही.

लकडगंजचा_सुतार
काका मानलं. पन भोकाच्या आतून बी एपॉक्सी फिरवली, बोल्टच्या जाडीपेक्षा भोक मोठं पाडून, तं पानी कुठून जाईल?

मनीषनगरचे_काका
बरोबर, अन् डेकला पण नेमकं तेच करायचं आहे. हिंगणा_फॅब, आता नीट वाचा.

बोल्टच्या चार जागी नुसती मोठी भोकं पाडून एपॉक्सीनं भरली तरी छोट्या वस्तूला चालतं, क्लीट म्हणजे दोरी बांधायची खुंटी वगैरे. विंडलासला माझ्या मते अख्ख्या बेसच्या खालचा गाभा काढावा. वरची कातडी तशीच ठेवायची, खालून बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा चौकोन कापायचा, २ मिमीची कातडी काढली की बाल्सा पटाशीनं निघतो. मग त्या जागी १२ मिमीचा एफआर४ चा तुकडा एपॉक्सीत बसवायचा, कडेला उरलेल्या बाल्साला आधी पातळ एपॉक्सी पाजायची, अन् वरून काचेच्या कापडाचे थर, आजूबाजूच्या कातडीवर दोन-तीन इंच चढवून. झाला भरीव डेक. मग भोकं पाडा, कितीही आवळा, चेपायला काही उरलंच नाही.

कागद_पेन्सिल
काका, इथे माझा थोडा विरोध. डोक्यावर हात ठेवून खालून काम, रेझिन तोंडावर गळतं, कप्पा अरुंद. वरून कापलं तर काय वाईट? वरची कातडी काढा, भरा, परत लावा, वरून बेस झाकूनच टाकणार आहे.

मनीषनगरचे_काका
मुद्दा रास्त आहे. वरून केलं तर काम स्वच्छ होतं, गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं. पण वरची कातडी ४ मिमीची आहे, ताकद तिच्यात जास्त, अन् तिच्यावर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर आहे. कापलेली कडा बेसच्या बाहेर आली तर जुळवणं किचकट. कप्प्यात माणूस बसू शकतो का त्यावर ठरवा. खांदे आत जात असतील तर खालून, नसतील तर वरून.

बुटीबोरी_एफआरपी
रेझिनचं माझ्याकडून ऐका, रोजचं काम आहे. पहिली गोष्ट, आपल्याकडे एफआरपीवाला, म्हणजे फायबरचं काम करणारा, म्हटलं की जीपी रेझिन अन् चॉप मॅट घेऊन येतो, म्हणजे पॉलिएस्टर. जुन्या पक्क्या झालेल्या फायबरवर चिकटवायला पॉलिएस्टरची पकड कमी, एपॉक्सीच घ्या. तरी कोणी जीपी वापरलंच तर कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते) अन् हार्डनर म्हणजे एमईकेपी हे दोन थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच एमईकेपी.

एपॉक्सीत आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ अन् एचवाय ९५१. १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर, वजनानं, काट्यावर तोलून. अंदाजानं हार्डनर जास्त घातला तर लवकर नाही वाळत, कच्ची राहते. जाड करायची असेल तर त्यात कोलॉइडल सिलिका घाला, लोण्यासारखी होईपर्यंत.

अन् नवतपा येतोय भाऊ. दर १० अंश तापमान वाढलं की कालवलेली एपॉक्सी डब्यात टिकायचा वेळ साधारण अर्धा होतो. ४५ डिग्रीत मगभर एपॉक्सी कालवून ठेवली तर हातात धूर निघेल. थोडी थोडी कालवा, पसरट ताटलीत घ्या, नागपुरात जे चिकटवायचं ते पहाटे करा. जाड भराव एका दमात करू नका, दोन-तीन थरांत, नाहीतर आतून तापून तडकतो. उलट गोव्यात पावसाळ्यात दमट हवेत वरून तेलकट मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं अन् हिरव्या घासणीनं धुऊन काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नका.

तर्री_एक्स्ट्रा
मी मस्करी करायला आलो होतो, आता वही घेऊन बसलोय.

खिंडसीकाठ
थोडं अवांतर. मुलाच्या कॉलेजात सोलरवर चालणारी छोटी बोट बनवून राहिले, खिंडसीला चालवून पाहायची आहे म्हणतात. १०० एएचची लेड अ‍ॅसिड बॅटरी आहे. तिला पण असा बेस लागते का? आत्ता नुसती प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवली आहे.

अंबाझरी_सेलर
लागतो, अन् आधी तोच करा. तशी बॅटरी २८-३० किलोची असते. बोट कलली अन् ती सरकली तर सगळं वजन एका बाजूला जातं अन् बोट अजून कलते. खाली चारी बाजूंनी पट्टी, वरून बेल्ट किंवा आडवी पट्टी, अन् ते सगळं बोटीच्या रिब्सना म्हणजे आतल्या बरगड्यांना बोल्टनं, नुसत्या स्क्रूनं नाही. हलवून पाहा, कुठल्याही बाजूला इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. टर्मिनलवर झाकण. अन् मुलांना लाइफ जॅकेट घालायला लावा, खिंडसी खोल आहे.

खिंडसीकाठ
हो ताई, सांगतो. धन्यवाद.

इतवारीचा_गंज
लोहा ओळीत स्टीलचा धंदा आहे. ३०४ वर कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. समुद्रासाठी ३१६ घ्या. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यानं मिठाच्या पाण्यात खड्डे पडायचं बरंच कमी होते. वेल्डिंग असेल तर ३१६एल, रॉड पण तोच. पण ३१६ म्हणजे अमर असं समजू नका. स्टेनलेसला हवा लागते, ऑक्सिजन मिळाला तरच त्याचा वरचा थर टिकते. प्लेटच्या खाली, बोल्टच्या मानेजवळ जिथे खारं पाणी साचून राहते अन् हवा नाही, तिथे ३१६ पण आतून खातो.

अन् हिंगणा_फॅब भाऊ, तुमच्या शॉपमध्ये एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, काम चालते ना? मग ग्राइंडरची चकती नवी वापरा, एमएसवर घासलेली एसएसवर लावली तर लोखंडाचे कण रुततात अन् दोन पावसात तांबडे डाग. वेल्डनंतर जो निळा-तपकिरी रंग येतो तो पिकलिंग पेस्टनं काढा. एसएस बोल्टवर एसएस नट मशीननं जोरात फिरवू नका, आटे एकमेकांना धरून बसतात अन् मग कापावाच लागते. अँटीसीझ लावा, हातानं आवळा.

पॅनेल_बनवतो
विंडलासची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल बहुतेक, त्यात एसएसचा बोल्ट अन् खारं पाणी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम खाल्लंच. नायलॉनचे बुश अन् वॉशर टाका मधे.

वायरचं पण बघा. १००० वॅट भागिले १२ म्हणजे ८० अँपिअरच्या वर. बॅटरी मागे, विंडलास पुढे, जाऊन-येऊन वायर १५-१६ मीटर सहज होईल. बारीक वायर टाकली तर बेस कितीही पक्का असला तरी मोटरला व्होल्टेजच पोचणार नाही. व्होल्टेज ड्रॉप काढून केबल घ्या, कथील चढवलेली, अन् बॅटरीजवळ ब्रेकर.

जुनी_होडी
इतकं बोल्ट-नटचं चाललंय म्हणून आठवलं. २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज बघा, फळ्या काथ्यानं शिवलेल्या आहेत. लाटेत अंग थोडं हलतं, तुटत नाही.

कागद_पेन्सिल
सुंदर काम आहे ते. पण तिथे सगळंच लवचीक आहे म्हणून जमतं. फायबरच्या डेकवर ताठ बेस अन् बाजूला लवचीक डेक असला की जिथे ताठपणा अचानक संपतो त्या रेषेवर चिरा पडतात. म्हणून बॅकिंग प्लेटचे कोपरे गोल करा, कडा खालून उतरत्या घासा, अन् काचेचे थर एकाच रेषेवर संपवू नका, पायरी पायरीनं मागे घ्या.

हिंगणा_फॅब
मापं आली. रोलरचा माथा विंडलासच्या साखळी ओढायच्या पॉइंटपेक्षा थोडा उंच आहे, विंडलास नुसता ठेवला तर साखळी किंचित खाली उतरत येते, म्हणजे बेस २५ मिमीचा पाहिजे, मागे थोडा जास्त. डेकचा आडवा बाक फूटभरात ७ मिमी. कप्प्यात खांदे जातात, मेहुणा आत बसून फोटो पाठवून राहिला.

आता ठरवलंय ते असं. एसएसची प्लेट रद्द. वरचा बेस १२ मिमीच्या एफआर४ चे दोन थर चिकटवून, इथेच पहाटे. खालून गाभा काढून एफआर४ भरायचा, अन् त्याच्या खाली २५ बाय ३५ ची बॅकिंग प्लेट तीही एफआर४ ची. एसएस ३१६ फक्त बोल्ट अन् वॉशर. वरून पांढरा रंग. बाकाचं कसं जुळवू? इथे बसून खालची बाजू घासायची कशी?

मनीषनगरचे_काका
घासू नका. डेकवर बेसच्या जागी पॅकिंगची चिकटपट्टी लावून घ्यायची, एपॉक्सी तिला धरत नाही. बेसच्या खाली घट्ट एपॉक्सी थापायची, डेकवर हलकं दाबून ठेवायचं, मागची बाजू हवी तेवढी उंच करून खाली पाचर. वाळल्यावर उचला, डेकचा बाक बेसच्या खाली तंतोतंत उतरलेला असतो. कडा घासून साफ करा अन् मगच कायमचा बसवा. पांढरा रंग चांगला सुचला, खोलीच्या तापमानाला वाळलेली एपॉक्सी ५०-६० डिग्रीच्या पुढे नरम पडायला लागते, अन् गोव्याच्या उन्हात गडद डेक तेवढा तापतो.

बुटीबोरी_एफआरपी
+१. अन् सिलिकॉन अजिबात नको. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी नंतर ना रंग बसत ना दुसरं सीलंट. ब्यूटाइल टेप म्हणजे चिकट रबरी पट्टी घ्या. भोकाचं तोंड वरून थोडं उतरतं करा, ब्यूटाइल त्या खाचेत दाबून बसते अन् बोल्टभोवती कडं तयार होते. एकदम आवळू नका, आज थोडं, उद्या थोडं, बाहेर आलेलं कापत जा.

अंबाझरी_सेलर
अन् मेहुण्यांना एक सांगा, बेस कितीही पक्का केला तरी रात्रभर बोट विंडलासवर टांगून ठेवायची नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. नांगर टाकून झाला की साखळीला नायलॉनची जाड दोरी हुकनं अडकवायची, दोरी नाळेवरच्या क्लीटला बांधायची, साखळी सैल सोडायची. नायलॉन ताणतं, झटके खातं. त्या क्लीटच्या खाली बॅकिंग प्लेट आहे का तेही बघून घ्या, कप्प्यात शिरलेच आहात तर.

हिंगणा_फॅब
विचारलं. क्लीटच्या खाली नुसते वॉशर आहेत, तेही छोटे. एफआर४ ची शीट मोठीच घेतो मग, दोन तुकडे क्लीटसाठी. विंडलासची भोकं मारलेलं प्लायचं टेम्प्लेट उद्याच्या ट्रॅव्हल्सनं गोव्याला पाठवून राहिलोय.

अंबाझरी_सेलर
टेम्प्लेटवर नाळेची बाजू बाण काढून लिहा, अन् "ही बाजू वर" पण लिहा. त्या कप्प्यात ते खालून वर बघत काम करणार आहेत, डावं-उजवं उलटं दिसतं. पायलट भोक आधी एकच, ३ मिमीचं, वरून खाली पाडायला सांगा, मग त्याच्यावरून खालचं टेम्प्लेट लावायचं.